चिपळूणला जाणारा पाळणा

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
१२ जानेवारी २०२५

रेवा बाळा,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशीलच. फोन का नाही केला, असं तुला वाटेल. फोनवर मी 'जेवलीस का' विचारते, तू 'हो' म्हणतेस आणि मग दोघी गप्प होतो. शिवाय आपला हॉल तुला ठाऊक आहे. एका टोकाला कुजबुजलं तरी दुसऱ्या टोकाला ऐकू जातं, आणि दुसऱ्या टोकाला तुझे बाबा पेपर घेऊन बसलेले असतात. म्हणून कागद बरा. तुझा पत्ता मी तुझ्या जुन्या ऑफिसातल्या कुमुदकडून मागून घेतला. तिच्यावर रागावू नकोस.

चिपळूण मानवलं का? प्रणित शिकवतो ते कॉलेज घरापासून लांब आहे का?

तुमचं लग्न झालं त्या दिवशी ह्यांनी खोलीचं दार उघडलं नाही. तू बंद दारालाच नमस्कार केलास आणि खाली गेलीस. मी रिक्षापर्यंत आले होते, पण रडण्याच्या भरात काही बोलता आलं नाही. आज त्याबद्दल लिहायला बसले होते, पण जमत नाहीये. दुसरंच सांगते.

मी सुतारकाम शिकते आहे. हसलीस ना? करंजाड्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये शनिवार-रविवारी सकाळी नवशिक्यांचा वर्ग भरतो. शिकवणारी हेतल म्हणून एक मुलगी आहे, एरवी इंटिरियरची कामं करते. जन्मभर टेलिफोन खात्यात लोकांच्या लाइनी जोडल्या, आता लाकडं जोडून बघू म्हटलं. खरं म्हणजे शनिवार-रविवार घरात फार शांत असतात.

पहिल्या दिवशी फक्त करवत. पेन्सिलीने रेघ मारायची आणि करवत रेघेच्या बाहेरून, टाकाऊ बाजूने चालवायची. पात्यालाही जाडी असते, तेवढं लाकूड ते खाऊन टाकतं. मी सगळा जोर लावून कापत होते. हेतल म्हणाली, "काकू, ढकलू नका तिला. खांदा मोकळा सोडा, ती आपोआप जाते." गेली खरी, पण गव्हाणफाट्याच्या रस्त्यासारखी वळणं घेत.

हे बरे आहेत. काळजी करू नकोस.

सुनंदाआई

९ फेब्रुवारी

रेवा,

तुझं उत्तर नाही. येईल तेव्हा येईल, मी लिहीत राहते.

सध्या रंधा शिकतोय. लाकडाला तंतूंची दिशा असते, अंगावरच्या लवीसारखी. रंधा त्या दिशेने मारला तर कागदासारखी लांब गुंडाळी निघते आणि खाली फळी चकचकते. उलट मारला की फळी ओरबाडली जाते, तंतू उपसून वर येतात. आधी हात फिरवून बघायचं. कुठून गुळगुळीत लागतं, कुठून टोचतं. मी आता घरातल्या दारांवरही हात फिरवते. परवा ह्यांनी विचारलं, "धूळ बघतेस का?" एवढंच. पण विचारलं तरी.

वर्गात आम्ही पाच-सहाजण. त्यात तुळशीराम घरत म्हणून एक गृहस्थ आहेत. इथलेच, पूर्वी मिठागरं होती त्यांची, आता इमारती बांधतात. एवढ्या मोठ्या गाडीतून येतात आणि माझ्या शेजारच्या टेबलावर घाम गाळतात. मी विचारलं, तुम्हाला कशाला हवं हे? तर म्हणाले, "डाक्टर बोलला, बीपी हाय, हातानं कायतरी करा. आता एवढं टावर बांधलं वैनी, पन मी सोता एक खिला सरळ ठोकला नाय." ते गणपतीसाठी चौरंग करतायत. तो चौरंग तीन पायांवर उभा राहतो आणि चौथा पाय हवेत असतो. ते एक पाय घासतात, की दुसरा हवेत. असंच चाललं तर गणपतीपर्यंत त्याचा पाट होईल.

मी एक छोटं शेल्फ केलं. स्वयंपाकघरात लावलंय, मसाल्याच्या बाटल्या एका बाजूला घरंगळतात. तू असतीस तर खाली पुठ्ठ्याची घडी घातली असतीस.

ह्यांचं जेवण आता टीव्हीसमोर असतं. टेबलावर बसवत नाही म्हणतात. मीही मग ओट्यापाशीच खाते. बाकी सगळं ठीक.

सुनंदाआई

१६ मार्च

माझ्या गुणी पोरी,

तुझं पत्र आलं. मी ते जिन्यातच उभं राहून वाचलं. वरच्या मजल्यावरच्या बाई विचारत होत्या काय झालं, मी नुसतं पाकीट दाखवलं आणि घरात पळाले.

दिवस गेलेत! आणि तू लिहितेस, 'आई, तुम्हाला सांगावं की नाही कळत नव्हतं, तुम्हाला वाईट वाटेल.' वेडी आहेस. हो, वाटलं. खोटं कशाला बोलू? विशूची आठवण आली. त्याला जाऊन आता तीन वर्षं झाली, पण आठवण यायला काही लागत नाही. तू त्याची बायको होऊन आमच्या घरात आलीस तेव्हापासून त्याच्या मुलाबद्दल मी मनात कितीतरी ठरवून ठेवलं होतं. ते रडून झालं, आणि मग पोटातून असा आनंद आला, की मी बाजारात जाऊन विनाकारण मेथीच्या चार जुड्या आणल्या.

तू लिहिलंस, तुझी आई नाही, वहिनीला तिचंच आवरत नाही, म्हणून बाळंतपण चिपळूणलाच. प्रणितच्या आई करतील सगळं, चांगल्या आहेत. ऐकून बरं वाटलं.

मी जुन्या पनवेलच्या वखारीत जाऊन सागवान आणलं. हेतल बरोबर होती. फळी डोळ्यासमोर धरून बंदुकीसारखा नेम धरायचा, म्हणजे बाक कळतो. गाठ नको, चीर नको, ओलं नको. वखारवाला म्हणाला, "बाई, देव्हारा करायचाय का?" मी म्हटलं, तसंच काहीतरी. काय करतेय ते तुला इतक्यात सांगणार नाही. मोठं आहे, आणि मला झेपेल की नाही माहीत नाही.

बातमी ह्यांना अजून सांगितलेली नाही. योग्य वेळ बघून सांगेन. तू दूध घे. चिंच खावीशी वाटली तरी जपून.

आई

२७ एप्रिल

रेवा,

ओळी वर-खाली गेल्यात ना? पंखा फुल्ल आहे, कागद सरकतोय. उकाडा मरणाचा.

सध्या सांधे शिकतोय. खिळे-स्क्रू न लावता लाकूड लाकडात बसवायचं. एका फळीच्या टोकाला जीभ कापायची आणि दुसरीला त्याच मापाची खाच पटाशीने कोरायची. जीभ सैल झाली तर सांधा हलतो, घट्ट झाली तर ठोकताना खाचेची कड फाटते. हाताने दाबून अर्धी जावी आणि उरलेली लाकडी हातोड्याच्या दोन टपल्यांनी जावी, ते खरं माप. हेतल म्हणते, "मापपट्टीपेक्षा ही फळी त्या फळीला लावून खूण करा काकू. त्या एकमेकींचं माप बरोबर सांगतात."

दोन आठवडे वर्गाला गेले नाही. उन्हामुळे.

सातवा लागला ना? पायाला सूज आहे का ते कळव. हे बरे आहेत. भांडी घासायला लागलेत, सांगितलं तर तुझा विश्वास बसणार नाही.

आई

१ जून

रेवा,

मागच्या पत्रावर तू लगेच लिहिलंस, 'आई, बाबा भांडी का घासतायत? तुम्हाला काय झालंय?' तुझ्यापासून काही लपत नाही. ऐक तर मग. आता सगळं बरं आहे, हे आधी वाच आणि मग पुढचं.

कागद पंख्याने सरकत नव्हता. डावा हात बांधलेला होता, कागद धरता येत नव्हता. हेतलने पटाशी हातात देतानाच सांगितलं होतं, काम शिकंज्यात आवळल्याशिवाय पटाशी लावायची नाही, आणि दोन्ही हात धारेच्या मागे. मी म्हटलं, एवढीशी तर खाच, कोण आवळत बसेल. हाताने धरून कोरायला गेले, पटाशी सटकली आणि अंगठ्याच्या बुडाशी घुसली. तुळशीरामभाऊंनी स्वतःचा पांढरा शर्ट काढून हाताला गुंडाळला आणि बनियनवर गाडी चालवत पनवेलला दवाखान्यात नेलं. टाके पडले. अंगठा हलतो, सुई ओवता येते, काळजीचं काही नाही.

हे दवाखान्यात आले. डॉक्टरांशी बोलले, औषधं घेतली. घरी आल्यावर वरण-भात लावला आणि मला भरवायला बसले. मी म्हटलं, उजवा हात आहे की. तरी भरवलं.

वर्ग पुन्हा सुरू करायचा म्हटलं तेव्हा हे माझ्याबरोबर निघाले, हेतलला चांगलं सुनावायला. शेडमध्ये शिरलो आणि समोर माझं काम भिंतीला टेकवून ठेवलेलं. दोन्ही बाजूंचे कठडे जोडून झाले होते, उभ्या गजांसकट. हे बघत राहिले. "हे काय आहे?" असं त्यांनी विचारलं. हेतलला बिचारीला काय माहीत? ती आनंदाने म्हणाली, "पाळणा! काका, तुम्ही आजोबा होणार ना!"

तर हो. पाळणा करते आहे. तुझ्यासाठी.

ह्यांनी हेतलला काही सुनावलं नाही. वळले आणि निघाले. करंजाड्याहून खांदा कॉलनीपर्यंत त्या उन्हात चालत. मी रिक्षाने मागोमाग. रिक्षावाला म्हणत होता, बाबांना बसवा ना आत. ते बसले नाहीत.

घरी आल्यावर म्हणाले, "किती दिवस माहीत आहे तुला?"

मी म्हटलं, "मार्चपासून."

"विशूच्या जागी बसलेल्या माणसाच्या मुलासाठी तू रक्त काढून घेतलंस?"

मला संताप आला, रेवा. मी म्हटलं, "त्या बाळाला कुणाच्या जागेवर बसायचं नाहीये. त्याला झोपायचंय." त्यावर ते खोलीत गेले. दार लावलं नाही, एवढंच.

तुझ्या अवस्थेत हे लिहू नये. पण तू विचारलंस, आणि तुला अर्धवट सांगितलं तर तू जास्त वाईट कल्पना करशील. मी पाळणा पुरा करणार आहे. तुझ्या घरी आधी आणणार नाही, तिथल्या मोठ्यांना ते चालायचं नाही, माहीत आहे मला. बाळ झाल्यावर, बारशाला. वॉर्निश लावणार नाहीये. बाळं कठडे चघळतात, म्हणून नुसतं जवसाचं तेल आणि मेण.

आई

१३ जुलै

रेवा, माझ्या लेकी,

तुझ्या हातात हे पडेल तेव्हा तू घरी असशील. बाळ दवाखान्यातल्या काचेच्या पेटीतून बाहेर आलं, आणि आता तुझ्या कुशीत आहे, हे काल प्रणितने कळवलं. देव पावला.

एक तारखेला तो फोन आला तेव्हा माझे हात कणकेत होते. मी ह्यांना म्हटलं, फोन घ्या हो. त्यांनी फोन उचलून ओट्यावर ठेवला आणि स्पीकर लावला. प्रणित म्हणाला, "आई, मुलगी झाली. महिनाभर आधीच आली. काचेच्या पेटीत ठेवलंय. रेवा झोपत नाहीये, सारखी काचेपाशी जाऊन उभी राहते." त्याचा आवाज कापत होता.  आणि माझ्या मागून हे म्हणाले, "वजन किती आहे?"

प्रणितने ह्यांचा आवाज ओळखला. मग म्हणाला, "दोन किलोला थोडं कमी, बाबा."

"विशू एवढाच होता," हे म्हणाले. "काही होत नाही. तिला म्हणावं बसून घे, उभी राहू नकोस."

त्या आठवड्यात आम्ही दोघं रोज संध्याकाळी प्रणितच्या फोनची वाट बघत बसायचो. टीव्ही बंद. वजन वाढलं की हे कॅलेंडरवर लिहायचे.

आता पाळण्याचं सांगते. पाच तारखेला जोडून पुरा झाला. दोन खांब, वर आडवी दांडी, खाली टांगलेला पाळणा. दिसायला देखणा. हेतल म्हणाली, आधी वजन घालून बघू. तांदळाचं पोतं आत ठेवलं आणि झोका दिला. तिसऱ्या-चौथ्या झोक्याला करकर असा आवाज आला, एका बाजूचा सांधा उखडला आणि पोतं धाडकन खाली. मी तिथेच भुश्शात बसले. हात दुखरा असताना कापलेली ती जीभ होती. सैल झालीय हे मला तेव्हाच कळलं होतं, मी फट गोंदाने भरली होती.

तुळशीरामभाऊ शेजारी येऊन बसले. म्हणाले, "वैनी, तांदूळ पडला ना? पोर तर नाय पडला. मग रडता कशाला? आमी हाय ना, परत करू."

पण माझ्या अंगठ्यात जोर उरला नव्हता, आणि बारसं वीस तारखेला ठरलं होतं. घरी येऊन मी फक्त 'मोडला' म्हटलं.  सकाळी उठून बघते तर हे दाराशी बूट घालून बसलेले. "चल," म्हणाले.

हेतलने रोज शेड उघडून दिली. जीभ ह्यांनी कापायची, खूण मी करायची. आयुष्यात कधी हातोडी धरली नाही ह्या माणसाने, तुला माहीत आहे. पहिल्या जिभेला रेघेवरूनच करवत घातली आणि ती सैल झाली. मी म्हटलं, रेघेच्या बाहेरून! ते म्हणाले, मग रेघ मारलीस कशाला? आम्ही इतके भांडलो, की तुळशीरामभाऊ चौरंग सोडून चहा आणायला गेले. रेवा, कितीतरी दिवसांनी भांडलो गं आम्ही. बरं वाटलं.

परवा कठड्याला पॉलिश पेपर मारता मारता हे आपणहून बोलायला लागले. मान खालीच. म्हणाले, "विशू कसा हसायचा ते मला आता कुणाला सांगता येत नाही. तुला सांगितलं की तू रडतेस. रेवाला सांगितलं की ती त्याच्या पुढचं काहीतरी सांगायची. ती गेली, मग मी कुणाशी बोलायचं?" एवढं म्हणून पुन्हा घासायला लागले. मी तोंडावर रुमाल धरला, भुसा उडतोय म्हणून.

म्हणजे ते तुझ्या लग्नावर रागावले नव्हते गं. तू गेलीस म्हणून रागावले होते. मला बायको असून हे कळलं नाही, तर तुला कुठून कळणार?

नवा सांधा घट्ट बसला. दोन टपल्यांत. काल दोन पोती तांदूळ घालून तासभर झोका दिला.

ते चिपळूणला येतील का, विचारू नकोस. मी विचारलेलं नाही. मी येते आहे. तुळशीरामभाऊ त्यांचं पिकअप देतायत, स्वतः चालवत येणार म्हणतात.

आई

२७ जुलै

रेवा,

पोचलो त्या रात्रीच, व्यवस्थित. महाडपुढे पाऊस होता, ताडपत्री रिकामीच फडफडत होती.

बारशाच्या गडबडीत तू आत होतीस, बाहेर काय झालं ते तुला दिसलं नाही. प्रणित सांगणार नाही, तो तसा मुलगा नाही. म्हणून मी सांगते.

सकाळी निघताना हे पिकअपमध्ये येऊन बसले. वाटेत तुळशीरामभाऊ एकटेच बोलत होते. तुमच्या गल्लीत गाडी थांबली, मी उतरले, हे उतरेनात. म्हणाले, "तू जा. मी पाळण्यापाशी थांबतो." मला वाटलं, आता हे इथेच बसून राहणार आणि मी लोकांना काय सांगू?

तेवढ्यात प्रणित बाहेर आला. भिजत, अनवाणी. सरळ गाडीपाशी गेला आणि वाकला. हे घाईने खाली उतरले, पाय मागे घेतले. दोघंही तसेच उभे.  मग हे म्हणाले, "ते टोक धरा. सांभाळून, कठड्याला धरू नका, खालून धरा."

आणि दोघांनी पाळणा उचलला. हे उलटे चालत होते, प्रणित समोरून सांगत होता, "बाबा, पायरी. बाबा, आता उंबरा." असे ते तुझ्या दारातून आत आले. त्यानंतरचं तू पाहिलंसच. ह्यांनी बाळाला घेतलं नाही, लांबूनच बघितलं, म्हणून तू मला हळूच विचारलंस, 'बाबा अजून रागावलेत का?' नाही गं.  त्यांना वाटलं, हातातून सुटेल.

तुझ्या सासूबाई मोठ्या मनाच्या. 'पाळण्याची पहिली दोरी माहेरच्यांनी ओढायची,' म्हणून माझ्या हातात दिली. त्यांना माझ्यातर्फे सांग, की मी हे कधी विसरणार नाही.

खाली थोडी जागा सोडते आहे. हे म्हणतात, त्यांना काही तांत्रिक लिहायचंय.

आई

रेवा,

पावसात लाकूड फुगतं, त्यामुळे पाळणा उजव्या बाजूने करकरेल. घाबरू नये. तेल घालू नये, दोरी जिथे दांडीवर घासते तिथे मेण चोळावं. झोका लहान द्यावा. गणपती झाले की मी येऊन सगळे सांधे एकदा तपासून जाईन. मुक्काम करायला जागा आहे का, ते प्रणितरावांना विचारून कळव. नसेल तर लॉज बघतो.

बाळाला घ्यायचं राहून गेलं. येईन तेव्हा बसून घेईन.

बाबा